साउंड मीटर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मी पहिल्यांदा एकट्यानं आवाज मोजायला गेलो. दिवसभरात चौदा ठिकाणची रीडिंगं घेतली आणि चौदाही ठिकाणी आकडा एकच आला: १०८ पॉइंट काहीतरी. भट्टीपाशी १०८, कटिंगपाशी १०८ आणि गेटवरच्या वॉचमनच्या खोलीतही १०८. वॉचमन खुर्चीत डुलक्या घेत होता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. संध्याकाळी साहेबांनी मीटर हातात घेतला, वही पाहिली आणि काही न बोलता 'मॅक्स होल्ड'चं बटण दाबून दाखवलं. सकाळी पहिल्याच ठिकाणी सळई तुटताना जो दणका बसला, तो मीटरनं धरून ठेवला होता आणि दिवसभर तोच दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून परत जालना.

मीटर बिघडलेला नव्हता. त्याला जे विचारलं होतं ते तो इमानानं सांगत होता. या कामात नवखा माणूस फसतो तो इथंच. पडद्यावरचा आकडा कुणालाही वाचता येतो. पण तो कुठं उभं राहून घेतला, कोणत्या बटणावर, किती वेळ, आणि तेव्हा आजूबाजूला काय काय चालू होतं हे सांगता आलं नाही तर त्या आकड्याची किंमत शून्य. वाळूज, शेंद्रा, जालना, परभणी, लातूर या पट्ट्यात मी हे काम करतो. सेफ्टीत नव्यानं लागलेली पोरं, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि मंगल कार्यालयाच्या भिंतीला भिंत लागून घर असलेली माणसं फिरूनफिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मीटर आणि त्याच्याबरोबरचं सामान

साउंड मीटरसाठी आयईसी ६१६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दोन वर्ग येतात, क्लास १ आणि क्लास २. क्लास १ जास्त काटेकोर आणि अर्थातच महाग. कारखान्यातल्या रोजच्या पाहणीला क्लास २ पुरतो. प्रकरण पोलिसात, कोर्टात किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत जायची शक्यता असेल तर क्लास १ च वापरा. मीटरवर किंवा पुस्तिकेत मानकाचं नाव आणि वर्ग छापलेलाच नसेल, तर अंदाज घेण्यापलीकडे त्याचा उपयोग करू नका. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे बरेच मीटर याच जातीचे असतात.

मोबाईलच्या ॲपबद्दल हमखास विचारतात. फोनचा माईक माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. आवाज फार मोठा झाला की तो स्वतःच दबून घेतो, त्यामुळं जिथं खरा धोका तिथंच ॲप कमी दाखवतं. शिवाय प्रत्येक फोन वेगळा. घरात बसून 'आज कालच्यापेक्षा जास्त आहे का' एवढं पाहायला ठीक, पण अहवालात ॲपचा आकडा लिहायचा नाही.

मीटरबरोबर चार वस्तू लागतातच: कॅलिब्रेटर, माईकवर घालायचा फोमचा गोळा, ट्रायपॉड आणि वही. पाचवी वस्तू सगळे विसरतात, ती म्हणजे स्वतःसाठी इअर प्लग. दुसऱ्यांचे कान वाचवायला जाणारा माणूस तासन् तास १०० डेसिबलमध्ये उघड्या कानांनी उभा राहतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मीही त्यातलाच होतो.

आपल्याकडच्या उन्हाची एक गोष्ट. त्या मानकात क्लास २ मीटरची कामगिरी ० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच धरलेली आहे, क्लास १ ची उणे १० ते ५० पर्यंत. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या पुढं जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर विचारूच नका. तेव्हा मीटर गाडीत ठेवून जेवायला जायचं नाही. पाण्याच्या बाटलीसारखा तो जवळ आणि सावलीत ठेवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्याही लगेच मोजू नका. दहा-पंधरा मिनिटं त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या.

डेसिबलची बेरीज अंकगणितानं होत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी चूक टळते. पिठाच्या गिरणीत एक चक्की चालू असताना मीटर ८४ दाखवतो. शेजारी तशीच दुसरी चक्की सुरू केली तर किती? १६८ नव्हे, ८७. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की डेसिबल ३ नं वाढतो आणि दहापट झाली की १० नं. म्हणून ९० वरून ८७ आला तर 'तीनच तर कमी झाला' असं म्हणू नका, ऊर्जा अर्धी झालेली असते. उलट दिशेनंही हेच लागू पडतं. दहा एकसारख्या यंत्रांपैकी एकाला गवसणी घातली तर शेडमध्ये अर्धा डेसिबलही फरक पडत नाही आणि मालक म्हणतो, पैसे पाण्यात गेले.

अंतराचंही गणित आहे. मोकळ्या रानात एका ठिकाणाहून येणारा आवाज, अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबलनं उतरतो. वाहता रस्ता हा एक बिंदू नसून लांबच लांब रेघ, म्हणून तिथं उतार ३ चाच. आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही हिशोब फसतात. पत्रा, कोबा आणि भिंती आवाज परत फेकत राहतात, त्यामुळं यंत्रापासून कितीही लांब गेलात तरी एका मर्यादेनंतर आकडा हलत नाही.

बटणं

पहिलं बटण ए आणि सी चं. आपल्या कानाला जाडा, खालच्या पट्टीचा आवाज कमी ऐकू येतो. 'ए' वर ठेवलं की मीटरही कानासारखाच ऐकतो. १०० हर्ट्झचा आवाज तो १९ डेसिबलनं कमी धरतो, ६३ हर्ट्झचा २६ नं. 'सी' वर ही काटछाट जवळजवळ नसते. आपले बहुतेक कायदे 'ए' वर बोलतात, म्हणून रीडिंग डीबी-ए मध्येच घ्यायचं. पण डीजेच्या भिंतीसमोर दोन्ही घ्या. खिडकीची काच थरथरतेय, छातीत धडधड होतेय आणि 'ए' वरचा आकडा मात्र बेताचाच, असं दिसेल. 'सी' वर टाकलं की तोच आकडा पंधरा-वीसनं उडी मारतो. तक्रार करणाऱ्या आजी उगीच कटकट करत नव्हत्या, हे तिथं कळतं.

दुसरं बटण फास्ट आणि स्लो. फास्ट म्हणजे मीटर १२५ मिलिसेकंदांत आवाजामागे धावतो, स्लो म्हणजे एका सेकंदाच्या संथपणानं. शॉप फ्लोअरवर स्लो ठेवा, नाहीतर आकडा इतका नाचतो की काय लिहावं कळत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लेक. म्हणजे एलईक्यू. चढउतार होणारा आवाज सबंध वेळ एकसारखा असता तर किती असता, ते तो सांगतो. ही सरासरी ऊर्जेची असते. अर्धा तास ८० डेसिबल आणि अर्धा तास १०० असेल तर तासाची सरासरी ९० नाही, ९७ येते. अर्ध्या तासाचा जनरेटर सगळा तास खाऊन टाकतो. मीटरमध्ये लेक नसेल तर बाहेरच्या, बदलत्या आवाजासाठी तो मीटर वापरूच नका. नजरेनं 'साधारण ७० च्या आसपास' लिहिणारे अहवाल मी पाहिलेत. ते कागद दुसऱ्या पक्षाचा वकील दोन मिनिटांत फाडतो.

मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर: कॅलिब्रेटर

कॅलिब्रेटर म्हणजे मुठीत मावणारं डबडं. त्यात माईक घट्ट बसवायचा, बटण दाबायचं आणि ते १००० हर्ट्झवर बरोबर ९४ डेसिबलचा एकसुरी आवाज देतं. काहींत ११४ चीही सोय असते. ९४ च का, तर हवेतला दाब एक पास्कल झाला की पातळी ९४ येते. १००० हर्ट्झवर 'ए' आणि 'सी' एकच दाखवतात, त्यामुळं इथं बटणाची चूक आड येत नाही. माईक आत ढकलताना हळू. सील बसायला दोन-तीन सेकंद द्या आणि मगच वाचा. मीटर ९३.७ दाखवत असेल तर पुस्तिकेप्रमाणे तो ९४ वर आणा आणि वहीत दोन्ही आकडे लिहा, मिळाला तो आणि केला तो.

काम संपल्यावर, गाडीत बसायच्या आधी, पुन्हा तेच. सुरुवातीच्या आणि शेवटच्या तपासणीत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मधली सगळी रीडिंगं बाद. मन मोठं करून बाद करा. शेवटची तपासणी टाळायची खोड सगळ्यांना लागते, कारण तोवर पाय दुखत असतात आणि फरक निघाला तर काम दुप्पट होणार हे ठाऊक असतं. शिवाय वर्षातून एकदा मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून प्रमाणपत्र आणायचं. नुसत्या मीटरचं प्रमाणपत्र आणून कॅलिब्रेटर तसाच ठेवणारेही आहेत. खोट्या वजनानं तराजू तपासण्यासारखंच ते.

कारखान्यात: जिनिंगचं उदाहरण

दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारे कारखाने, सुरू होतात आणि कामगाराच्या कानाचा हिशोब शिकायला जिनिंगसारखी शाळा नाही. लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना डबल रोलरच्या रांगा, मधून जायला वाट, वरून कापूस ओढणारे सक्शनचे पाइप. आत पाऊल टाकलं की बोलणं बंद. बायका एकमेकींशी हाताच्या खुणांनी बोलतात. सरकी अडकली तर एक खूण, मुकादम आला तर दुसरी, चहा झाला का विचारायला तिसरी.

आधी मीटर पेटीतच ठेवा आणि सबंध शेडमधून एक चक्कर मारा. कोण कुठं किती वेळ उभं असतं ते विचारून लिहून घ्या. मोजायचा असतो तो कामगाराच्या कानाशी पोचणारा आवाज, हे नवख्यांना पटवून द्यावं लागतं. मशीनच्या पोटाला माईक लावून ११० काढणं सोपं असतं आणि निरुपयोगीही. शक्य असेल तर कामगाराला दोन मिनिटं बाजूला व्हायला सांगा आणि तिचा कान जिथं असतो त्या उंचीवर माईक धरा. बाजूला होता येत नसेल तर कानापासून साधारण वीतभर अंतरावर, ज्या कानाकडं आवाज जास्त त्या बाजूला धरा. मीटर हात लांब करून किंवा ट्रायपॉडवर ठेवायचा, कारण तुमचं स्वतःचं अंगही आवाज परत फेकतं आणि अडवतंही. माईकचं तोंड नेमकं कुठं करायचं हे त्याच्या प्रकारावर ठरतं. पुस्तिका पाहा, अंदाजे करू नका.

यंत्र ठराविक लयीत चालत असेल तर त्याच्या निदान तीन-चार फेऱ्या मोजण्यात आल्या पाहिजेत. रोलर एकसारखा घरघरतो, तिथं पाच मिनिटं पुरतात. प्रेसवर मात्र एक गाठ पूर्ण बांधून होईपर्यंत थांबा. दणके देणाऱ्या यंत्रांचं, म्हणजे पॉवर प्रेस आणि फोर्जिंगच्या घणाचं, प्रकरण वेगळं आहे. तिथं सी-पीक, म्हणजे 'सी' वरचा क्षणभराचा सगळ्यात उंच टोला, मोजू शकणारा मीटर लागतो, कारण तसल्या ठोक्यासाठी १४० डेसिबलची हद्द आहे आणि साधा मीटर तिथवर पोचतच नाही. पडद्यावर 'ओव्हर' आलं की ते रीडिंग सोडून द्या आणि रेंज बदला.

आता हिशोब. आपल्याकडं कारखान्यांच्या नियमांत वर्षानुवर्षं चालत आलेलं कोष्टक असं: ९० डीबी-ए ला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास, ११० ला अर्धा तास, ११५ ला पाव तास. ११५ च्या वर एक मिनिटही नाही. म्हणजे दर ५ डेसिबलला वेळ अर्धी.

समजा एक बाई ४ तास रोलरपाशी ९५ मध्ये, २ तास प्रेसपाशी ९० मध्ये आणि २ तास आवारात ७८ मध्ये काम करते. साधी सरासरी काढली तर ८९.५ येते आणि साहेब म्हणतात, बसतंय की नव्वदच्या आत. पण हिशोब सरासरीचा नाही, डोसाचा आहे. प्रत्यक्ष तास भागिले परवानगीचे तास. रोलरपाशी ४ भागिले ४, झाला १. प्रेसपाशी २ भागिले ८, झाला ०.२५. आवारातलं धरायचं नाही. एकूण १.२५. एकच्या वर गेलं म्हणजे मर्यादा मोडली, तीही पंचवीस टक्क्यांनी. आणि हंगामात पाळी बारा तासांची होते, तेव्हा हेच कोष्टक पुढं ओढलं तर ९० ची मर्यादा ८७ पर्यंत खाली येते. पाळी आठच तासांची धरून केलेले अहवाल पाहिले की मला प्रश्न पडतो, मोजणारा माणूस संध्याकाळी सहानंतर तिथं गेला होता का.

अमेरिकेतली नायोश ही संस्था याहून कडक शिफारस करते: ८ तासांना ८५, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धी. त्या मापानं ९५ मध्ये फक्त ४७ मिनिटं उभं राहता येतं. माझं मत विचाराल तर कायद्याला आपलं कोष्टक लावा, पण प्लग वाटायचे कुणाला हे ८५ वरच ठरवा. इथं एक पाय अडकतो तोही सांगून ठेवतो. मीटरचा लेक नेहमी ३ च्या हिशोबानं चालतो आणि आपलं कोष्टक ५ च्या. म्हणून सबंध पाळीचा एकच लेक काढून तो कोष्टकात शोधू नका. कामाचे तुकडे पाडा, प्रत्येकाचं वेगळं रीडिंग घ्या आणि डोस काढा. एका जागी न थांबणारा, शेडभर फिरणारा फिटर असेल तर खांद्यावर लावायचा डोसिमीटर उत्तम. तो लावण्याआधी सेटिंगमध्ये ५ आहे की ३ ते तपासा. आणि तो कशाला लावलाय हे फिटरला नीट समजावून सांगा. नाहीतर तो माईकमध्ये शिट्टी वाजवून मित्रांना आकडा दाखवतो.

अशाच एका शेडमध्ये मी एका मावशींना खुणेनं विचारलं, त्रास होतो का? बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पयल्या साली लई व्हायचा भाऊ. आता येतच नाही आवाज." सवय झाली असं त्यांना म्हणायचं होतं. मग आवारात मी त्यांच्या मागून साध्या आवाजात नाव घेऊन हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत येतो. म्हणून रीडिंग घ्यायला गेलात की कानाची तपासणी, ऑडिओमेट्री, कधी झाली हेही विचारून लिहा.

घराबाहेर, गच्चीवर, रस्त्यावर

बाहेरच्या आवाजासाठी ध्वनी प्रदूषण नियम २००० मधले आकडे पाठ असू द्या. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे १० ते ६. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सगळे डीबी-ए लेक. शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा, शासनानं तसा जाहीर केलेला किमान १०० मीटरचा पट्टा. आपली जागा कोणत्या वर्गात मोडते हे गृहीत धरू नका, महापालिकेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत खाली दुकान, मधे क्लास आणि वर वसतिगृह असतं. तिथं वर्ग ठरल्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ येत नाही.

माईक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, आणि भिंतीपासून जमलं तर साडेतीन मीटर दूर. खिडकीपुढंच मोजायचं असेल तर भिंतीपासून मीटर-दोन मीटरवर धरा आणि तसं लिहा, कारण भिंतीवरून परतणाऱ्या आवाजानं आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगतो. फोमचा गोळा घातल्याशिवाय बाहेर मोजायचंच नाही. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्याही डोलायला लागल्या की थांबा. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडं वावटळी उठतात, तेव्हा मीटर डीजे नसताना डीजे दाखवतो. पावसातही नाही.

आता पार्श्वभूमी. लातूरच्या एका कुटुंबानं रात्री चालणाऱ्या डाळमिलबद्दल बोलावलं होतं. गच्चीवर ६१ आला. घरमालक म्हणाले, बघा! मी मीटरकडं पाहत होतो आणि कान मात्र दुसरीकडं लागले होते. खाली त्यांचाच लोखंडी कूलर सुरू होता. तो बंद करायला लावला तर आकडा ५२ वर आला. मालकांचं तोंड पडलं. मी म्हटलं, थांबा, ५२ पण ४५ पेक्षा जास्तच आहे. तेवढ्यात लाईट गेली. मराठवाड्यात राहण्याचा हा एक फायदा: पार्श्वभूमी मोजायला मिल बंद करा म्हणून कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मिल थांबली, शेजारचे कूलर थांबले, आणि जनरेटर सुरू व्हायच्या आधीच्या चार मिनिटांत मी ४६ लिहून घेतला. त्यात शेजाऱ्यांच्या कूलरचाही वाटा गेला होता, म्हणून लाईट आल्यावर गल्लीतले कूलर पाच मिनिटं बंद ठेवायला सांगून मिलचं रीडिंग पुन्हा घेतलं. पुन्हा ५२ च.

नियम असा. यंत्र चालू असतानाचा आणि बंद असतानाचा फरक १० किंवा जास्त असेल तर काही वजा करू नका. ६ ते ९ असेल तर १ वजा, ४-५ असेल तर २, आणि ३ असेल तर ३. तीनपेक्षा कमी फरक असेल तर यंत्राचा आवाज त्या जागी मोजताच येत नाही, जागा किंवा वेळ बदला. आमच्या प्रकरणात ५२ आणि ४६, फरक ६, म्हणून मिलचा आवाज ५१.

तक्रारीची पायरी इथून पुढं. प्रमाणापेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल तर नियमांप्रमाणे कुणीही प्राधिकाऱ्याकडं तक्रार करू शकतो. निवासी भागात रात्री तो आकडा ५५ होतो, म्हणजे ५१ वर ती पायरी गाठली नव्हती. घरमालकांना मी हे तोंडावर सांगितलं आणि मिलच्या पंख्याला सायलेन्सर बसवायची चर्चा करून पाहा असं सुचवलं. उगीच ५८ लिहून देणारा माणूसही त्यांना सापडला असता. मग मिलवाल्यानं दुसऱ्याकडून मोजून घेतलं असतं आणि पुढच्या वेळी खरी तक्रारही कुणी ऐकली नसती.

लाऊडस्पीकरचं जरा निराळं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या प्रमाणापेक्षा १० जास्त किंवा ७५, यात जे कमी ते. निवासी भागात दिवसा म्हणजे ६५. खासगी जागेच्या हद्दीवर फक्त ५ जास्त. आणि हे मीटरवाल्यांच्या लक्षात राहत नाही: रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायलाच बंदी आहे. त्याला डेसिबल मोजायची गरजच नाही, घड्याळ पुरतं. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस शासन रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या जिल्ह्यात यंदा ते दिवस कोणते, ते आधी पाहून घ्या. नाहीतर नवरात्रात पोलीस ठाण्यात जाऊन तोंडघशी पडाल. ११२ वर फोन करताना वेळ, ठिकाण आणि स्पीकर उघड्यावर आहे एवढं सांगा. तुमच्या मीटरचा आकडा तक्रारीला बळ देतो, पण पंचनाम्यात पोलिसांच्या मीटरचाच आकडा चालतो. त्यांच्याशी त्यावरून वाद घालत बसू नका.

मंगल कार्यालयामागच्या डिझेल जनरेटरला वेगळं माप आहे. १००० केव्हीएपर्यंतच्या संचाला, त्याच्या पेटीपासून १ मीटरवर ७५ डीबी-ए. मोजताना पेटीची दारं लावलेली असू द्या. गरम होतंय म्हणून दार उघडून त्याला वीट लावलेली असते, तेव्हा दोन्ही रीडिंगं घ्या. दार लावून ७३ आणि उघडं ठेवून ८६ असं शेजारी शेजारी लिहून दाखवलं की मालकाशी फार बोलावं लागत नाही.

वही

फॉर्म छापून घेतलेत तरी चालेल, मी अजून वहीच वापरतो. एक नोंद अशी दिसते: तारीख, रात्री १०.४० ते १०.५५. गच्ची, पश्चिम कठड्यापासून ४ मीटर, उंची १.५. मिलचं पत्रा-शेड नजरेसमोर, अंतर ६० मीटर पावलांनी मोजलेलं. ए, फास्ट, लेक १५ मिनिटं: ५२.१. कूलर बंद. वारा नाही. १०.४७ ला कुत्री भुंकली, पॉज दाबला. मीटरचा नंबर, कॅलिब्रेशन आधी ९४.०, नंतर ९३.९. खाली हातानं काढलेला नकाशा, त्यात बाण आणि उत्तर दिशा. एवढं असलं की सहा महिन्यांनी कुणी उलटतपासणी घेतली तरी तुम्ही त्या गच्चीवर परत जाऊन उभे राहू शकता.

नोंद जागेवरच लिहायची. 'गाडीत बसून लिहू' म्हटलं की कुत्रं विसरतं. मधे फोन आला तर पॉज करा, स्वतः बोललात तरी पॉज. पोरं गोळा होतात आणि विचारतात, काका हा माईक कुठं लागणार? त्यांना हसून थोडं लांब न्या, आकडा दाखवा, मग ती आपोआप गप्प बसतात. पाहणी संपल्यावर शेडमधल्या लोकांनाही त्यांचा आकडा सांगून या. मॅनेजरच्या केबिनमध्ये अहवाल जातो, पण रोलरपाशी उभ्या असलेल्या बाईला ९५ म्हणजे काय हे कुणी सांगत नाही.

परत आल्यावर फोमचा गोळा झटका. त्यात रुईचे तंतू अडकतात आणि पुढच्या वेळी माईकवर बसतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि पावसाळ्यात मीटर महिनाभर वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. माझा पहिला मीटर सेल गळूनच गेला.